थेंब डावीकडे, गळती उजवीकडे

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या वाटेला लागले की शहर मागे पडते न पडते तोच हिंडलगा येते. परक्या माणसाला हे नाव बहुधा येथील मध्यवर्ती कारागृहामुळे ठाऊक असते. आम्हां हिंडलगेकरांच्या मनात मात्र गाव आणि कोकणचा रस्ता यांची जोडी पक्की बसलेली आहे. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी ही नावे आमच्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ असतात. गणपतीच्या दिवसांत तर दूरदूरचे आप्तेष्ट आमच्याकडे एक रात्र मुक्काम करून पहाटे घाटाची वाट धरतात.

अशाच एका गणपतीला आमचे थोरले बंधू बंगळूरहून सहकुटुंब आले. पहाटे सावंतवाडीस निघण्याचा बेत होता. सडा घालण्यासाठी वहिनी अंगणात गेल्या आणि तेथूनच त्यांनी हाक मारली, "भावोजी, बघा बरं, गाडीखाली तेल सांडलंय!"

डाव्या चाकाच्या आतल्या बाजूस, हाताच्या पंजाएवढा डाग पडला होता. दादा कपाळाला हात लावून म्हणाले, "पुन्हा? अरे, त्या बाजूचं सील दोनदा बदलून झालं! आता जाऊ दे. चार थेंबांनी काय होतंय?"

चार थेंबांनी काय होते, याचा हिशेब वाचकांनी एकदा अवश्य करून पाहावा. मिनिटाला एकच थेंब गळतो असे धरले, तरी दिवसाचे १,४४० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर, असे ढोबळ माप घेतले तर दिवसाला ७२ मिलिलिटर, म्हणजे आठवड्याला अर्धा लिटर तेल गेले. लहान मोटारीच्या गिअर बॉक्समध्ये तेल असते जेमतेम दोन-अडीच लिटर! इंजिनातील तेलाचा दाब उतरला तर समोर लाल दिवा लागतो. साध्या गिअर बॉक्ससाठी असा दिवा बहुधा नसतोच. दाते आणि बेअरिंगे कोरडी पडून तापतात, घरघर सुरू होते, आणि ती कानी येईपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून जमिनीवरचा तो डाग हीच काय ती आगाऊ सूचना. आंबोलीच्या घाटात, धो धो पावसात, बायकामुलांसह अडकून पडण्यापेक्षा अंगणातच ती वाचलेली बरी.

पूर्वीच्या अ‍ॅम्बॅसेडर किंवा पद्मिनी गाडीत इंजिन पुढे असले तरी जोर मागच्या चाकांना मिळत असे. गिअर बॉक्सच्या शेपटाकडून निघालेला एकच लांब दांडा मागे जाई. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना जोर देणारी लहान मोटार घरोघरी पोहोचली. या रचनेत गिअर बॉक्समधूनच डावीकडे एक व उजवीकडे एक असे दोन दांडे, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, निघून चाकांना भिडतात. आत तेल उसळते आहे आणि त्यातूनच फिरता दांडा बाहेर काढायचा आहे! दांडा फिरावा पण तेल बाहेर येऊ नये, हे अवघड काम करते ऑइल सील नावाची रबरी कडी. तिचा पातळ ओठ दांड्याला बिलगून राहतो, आणि तो सैल पडू नये म्हणून त्याभोवती केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग असते. उष्णतेने ओठ कडक झाला, दांड्यावर खाच पडली, बेअरिंग सैल होऊन दांडा डुलू लागला, अथवा आतला दाब वाढला, की तेलाला वाट मिळते.

गावातील एका वयस्कर मिस्त्रींना आम्ही बोलावून आणले. बेळगावच्या मातीत यंत्राची आवड जुनीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली येथेच सायकलीच्या दुकानाने आरंभ केला होता, आणि आजही उद्यमबागेत ओतकाम व यंत्रकाम चालते. आमचे मिस्त्रीही त्याच वातावरणात वाढलेले. दादांनी येताच त्यांना सांगितले, "मिस्त्री, डावं सील टाका आणि मोकळं करा आम्हाला."

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "घालूया की साहेब, सील काय पळून जात नाही. पण तेल कुठनं गळालंय ते आधी बघूया."

प्रथम त्यांनी डागातील तेल पांढऱ्या कागदावर टिपून घेतले. वास उग्र, गंधकासारखा. बोटांना दाट, चिकट लागणारे. हे गिअरचेच तेल. इंजिनाचे तेल वापराने काळे पडते. चाकाच्या आतून पातळ, पिवळसर द्रव झिरपत असेल तर तो ब्रेकचा, आणि मग गाडी जागची हलवूच नये. शाफ्टच्या सांध्यावरील रबरी बूट फाटला तर गळते ते तेल नव्हे, ग्रीस, आणि ते चाकाच्या फिरण्याने गोलाकार उडते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत बहुधा लालसर, पातळ तेल असते. ते तपकिरी होऊन जळका वास देऊ लागले तर दुखणे सीलपुरते नाही, असे समजावे.

मग गाडी उचलून, जॅकवर विसंबून न राहता, घोड्यांवर नीट टेकवली. केरोसीनच्या फडक्याने गिअर बॉक्सचा खालचा सारा भाग पुसून लख्ख केला आणि कोरड्या अंगावर खडूची पूड भुरभुरवली. गाडी खाली उतरवून गावातच थोडी फिरवून आणली. पूड कोरडीच! दादा विजयी मुद्रेने घड्याळाकडे पाहू लागले. मिस्त्री म्हणाले, "गार गाडी खोटं बोलतीया. तापू दे तिला." शिनोळीपर्यंत जाऊन आल्यावर पुन्हा पाहिले, तर पांढऱ्या पुडीवर एक बारीक ओली रेघ उमटली होती. ती निघाली होती उजव्या शाफ्टच्या मुखाशी. गिअर बॉक्सच्या पोटावरून ओघळत ती डावीकडच्या सर्वांत खालच्या बोल्टपाशी आली होती आणि तेथून थेंब पडत होता. आमच्या अंगणाचा उतारही त्याच दिशेचा. ओल सर्वांत वर जेथे दिसते तेथे मूळ. सर्वांत खाली दिसते तो केवळ शेवट.

आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी, दुसरे काय! डावीकडची दोन्ही सीले बिचारी निर्दोष होती.

येथेही मिस्त्री थांबले नाहीत. "हे सील तरी का गेलं?" असे स्वतःशीच पुटपुटत त्यांनी दांडा हाताने वरखाली हलवून पाहिला, डुलत नव्हता. मग गिअर बॉक्सच्या माथ्यावरची लहानशी टोपी काढली. आतली हवा तापून फुगते तेव्हा तिला बाहेर पडण्यासाठी ठेवलेले ते श्वासछिद्र. ते चिखलाने गच्च भरले होते! गाडी तापली की आत दाब वाढे, आणि जुने, कडक झालेले उजवे सील प्रथम हार खाई. तेच कोणी नुसते बदलले असते तर काही दिवसांनी नवे सीलही गळू लागले असते.

श्वासछिद्र साफ झाले. तेल काढून उजवा शाफ्ट बाहेर घेतला. नखाने चाचपता त्यावर खाच लागली नाही. नव्या सीलच्या ओठाला तेल लावून ते सरळ, चहूबाजूंनी सारखे ठोकत बसवले. शाफ्टच्या दातेरी टोकाने नाजूक ओठ चिरू नये म्हणून त्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून तो अलगद आत सरकवला आणि मग पट्टी काढून घेतली. शेवटी सपाट जागी गाडी उभी करून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल पातळीच्या भोकापर्यंत भरले.

या साऱ्यात दिवस गेला. सावंतवाडीकरांना दूरध्वनीने कळवावे लागले आणि मुले हिरमुसली. मिस्त्रींनी पैसे सांगितले ते एका सीलचे, तेलाचे आणि दिवसाच्या मजुरीचे. दादांनी मनातल्या मनात आधीच्या दोन दुरुस्त्यांशी तुलना केली असावी, कारण त्यांनी घासाघीस केली नाही.

घरातील दुखण्यांचेही असेच नाही का? दिसते एकीकडे, मूळ दुसरीकडे, आणि त्या मुळाचेही कारण तिसरीकडेच. आपण मात्र थेंब पडला त्या जागेवर रुसून बसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळी निघाली. दुपारी सावंतवाडीहून वहिनींचा दूरध्वनी आला, "सुखरूप पोहोचलो. ह्यांनी उतरल्या उतरल्या देवाला नमस्कार करण्याआधी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. कोरडं आहे हो, भावोजी!"