फेरीवाल्याचे भांडवल

शहरातील गृहस्थाची झोप मोडण्यापूर्वीच ज्यांच्या दिवसाचा एक प्रहर उलटून गेलेला असतो, अशा लोकांत फेरीवाल्यांची गणना करावी लागेल. दादरचा फुलबाजार, वाशीचा घाऊक भाजीबाजार, पुण्यातील गुलटेकडीचे मार्केट यार्ड, ह्यांपैकी कोठेही पहाटे गेले असता आडत्याशी भाव ठरविणारी, माल पारखून घेणारी आणि पाट्या टेम्पोत चढविणारी माणसे दृष्टीस पडतात. सकाळी आठ वाजता तीच मेथीची जुडी आणि तोच शेवंतीचा हार गृहिणीच्या दारी येतो. लोकव्यवहारात ह्या खटाटोपास 'फेरी' म्हणतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो एक स्वतंत्र उद्योगच होय. त्यात खरेदी आहे, विक्री आहे, नफा आहे, तोटाही आहे. मालक आहे आणि नोकरही आहे, आणि बहुधा दोन्ही एकच असतात. उणीव असते ती दुकानाची.

अशा उद्योगाचे भांडवल किती असते व ते येते कोठून, हा प्रश्न त्याच्याकडून रोज माल घेणाऱ्यांच्याही मनात क्वचितच येतो. दुकानदाराचे भांडवल वर्षातून काही वेळा फिरते. भाजी विकणाऱ्या बाईचे भांडवल रोज फिरते. सकाळी पैशांचा माल होतो, रात्री मालाचे पुन्हा पैसे होतात, आणि त्यातून घरखर्च भागवून जे उरेल त्यात दुसऱ्या दिवसाची खरेदी करावयाची असते. घरात कोणी आजारी पडले, किंवा लागून आलेल्या पावसाने दोन दिवस बाजार बुडविला, म्हणजे हे चक्र तुटते. मग पहाटे पैसे देऊन रात्री व्याजासह परत घेणाऱ्या सावकाराचे घर गाठण्यावाचून गत्यंतर उरत नाही. समजा, त्याने पहाटे २,००० रुपये दिले आणि रात्री २,१०० घेतले. शेकडा पाच हा दर ऐकावयास फारसा जड वाटत नाही. परंतु तो एका दिवसाचा दर आहे. वर्षाचे ३०० दिवस हाच क्रम चालला, तर २,००० रुपयांच्या मुद्दलावर ३०,००० रुपये व्याज भरले जाते, आणि मुद्दल वर्षाअखेर पुन्हा सावकाराच्याच हाती असते.

पेढीने, म्हणजे बँकेने, ही उणीव का भरून काढू नये? त्याचे उत्तर बँकेच्या रीतीत आहे. कर्ज देताना बँक तीन गोष्टी विचारते: तारण काय, पत्ता कोणता आणि हिशेबाच्या वह्या कोठे आहेत. फेरीवाल्याजवळ तारण नसते. धंद्याचा पत्ता म्हणजे अमुक फुटपाथ, तमुक झाडाखाली. आणि हिशेब सारा डोक्यात असतो. शिवाय १०,००० रुपयांच्या कर्जासही १० लाखांच्या कर्जाइतकेच कागद लिहावे लागतात, मिळणारे व्याज मात्र नाममात्र. लहान उद्योगांस साहाय्य करण्याचे प्रयत्न सरकारने पूर्वीपासून केलेले आहेत. १९५५ साली राष्ट्रीय लघुउद्योग निगम निघाले, १९९० साली लघुउद्योग विकास बँक, म्हणजेच सिडबी, स्थापन झाली, आणि २०१५ साली विनातारण कर्जाची मुद्रा योजना सुरू झाली. तथापि रस्त्यावर बसणारा माणूस ह्या जाळ्याच्या छिद्रांतून बहुधा निसटूनच जात असे.

२०२० च्या मार्च महिन्यात साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, आणि ही गोष्ट एकाएकी सर्वांच्या नजरेस आली. ज्यांचे भांडवल रोज फिरावयाचे, त्यांचे ते फिरणे थांबले, आणि काही आठवड्यांतच त्या भांडवलाचे तांदूळ व पीठ होऊन संपले. त्याच वर्षी १ जून रोजी केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी 'पीएम स्वनिधी' ही योजना आरंभिली. तिची रचना पायऱ्यांच्या जिन्यासारखी आहे. आरंभी १०,००० रुपयांपर्यंत एक वर्षाचे कर्ज द्यावयाचे; ते फेडणारास २०,००० आणि तेही फेडणारास ५०,००० असा क्रम ठरला. तारण मागावयाचे नाही, मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड घ्यावयाचा नाही, आणि हप्ते वेळेवर भरणाऱ्याच्या खात्यात व्याजापैकी दरसाल शेकडा सात इतकी रक्कम सरकारने जमा करावयाची, ह्या तिच्या मुख्य अटी होत. १०,००० रुपये बारा समान हप्त्यांनी फेडावयाचे आणि व्याज दरसाल शेकडा बारा, असे धरले तर वर्षाचे व्याज सुमारे ६६० रुपये होते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग सरकारकडून परत येतो. वर दिलेला सावकारी हिशेब ह्याच्या शेजारी ठेवला असता ह्या योजनेचे मर्म निराळे सांगावे लागत नाही.

कर्जाबरोबरच योजनेत दुसरा एक हेतू गुंफलेला होता. तो म्हणजे फेरीवाल्यास डिजिटल व्यवहार शिकविण्याचा. २०१६ साली देशात यूपीआय ही पद्धत सुरू झाली. हातगाडीवर टांगलेल्या पुठ्ठ्यावरील काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा जो चौकोन गिऱ्हाईक मोबाइलने टिपतो, त्यात विक्रेत्याच्या खात्याची खूण साठविलेली असते. गिऱ्हाईकाने आपला गुप्त अंक दाबताच पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात क्षणार्धात जातात. ह्या पद्धतीची सवय लागावी म्हणून सरकारने बक्षीस ठेवले: किमान २५ रुपयांचे पन्नास व्यवहार महिन्यात झाले तर ५० रुपये, आणि व्यवहार वाढतील तसे महिन्यास १०० रुपयांपर्यंत, म्हणजे वर्षास १,२०० रुपये.

विक्री तर रोख पैशातही होतच होती. मग सरकारने पदरचे पैसे देऊन ही सवय का लावावी, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर बँकेच्या त्या तिसऱ्या प्रश्नात सापडते. डोक्यातील हिशेब बँकेस दिसत नाही. खात्यातील नोंद दिसते. रोज खात्यात जमा होणाऱ्या वीस-वीस, तीस-तीस रुपयांच्या रकमा म्हणजे फेरीवाल्याची आपोआप लिहिली जाणारी रोजकीर्दच होय. वर्षभराची ही कीर्द समोर असली, म्हणजे ज्याच्याजवळ तारण नाही त्यालाही पत मिळू शकते.

मात्र ही विद्या वाटते तितकी सोपी नाही. जिला मराठी वाचतानाही अडखळावे लागते, तिने मोबाइलवर आलेला इंग्रजी निरोप कसा वाचावा? पैसे दिल्याचे खोटे चित्र दाखवून निघून जाणारी गिऱ्हाईके बाजारात आहेत. म्हणूनच जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणारी पेटी पुष्कळ गाड्यांवर आली. ह्याहून घातक लबाडी अशी की, 'तुमचे पैसे पाठवतो, हा चौकोन टिपा आणि गुप्त अंक दाबा,' असे सांगून विक्रेत्याचेच खाते रिकामे केले जाते. पैसे घेण्यासाठी गुप्त अंक कधीही दाबावा लागत नाही, तो केवळ देण्यासाठी असतो. हे एक वाक्य ज्यास पक्के ठाऊक झाले, त्याचे निम्मे डिजिटल शिक्षण झाले असे समजावे. खेड्यांतील कुटुंबांसाठी २०१७ ते २०२४ ह्या काळात वीस तासांच्या डिजिटल साक्षरतेची जी मोहीम सरकारने चालविली, तिचा रोख ग्रामीण भागावर होता. शहरातील फुटपाथवर ही शिकवण बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलीकडून आईला मिळते, आणि ती फुकट व चांगली मिळते.

आणखी एक अडचण होती. गिऱ्हाईकाचे पैसे खात्यात आले, तरी पहाटे आडत्यास रोख पैसे द्यावयाचे असले, तर विक्रेत्याने यंत्रापुढे रांग लावावी काय? २०२५ च्या ऑगस्टमध्ये योजनेची फेररचना झाली, तेव्हा घाऊक खरेदीचे डिजिटल व्यवहारही बक्षिसास पात्र ठरविण्यात आले. त्याच वेळी पहिले कर्ज १५,००० व दुसरे २५,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आले, तिसरे ५०,००० च राहिले, आणि कर्जे देण्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत लांबविण्यात आली.

ह्या प्रयत्नास फळ आले काय? जुलै २०२५ अखेरपर्यंत ६८ लाखांहून अधिक पथविक्रेत्यांस ९६ लाखांवर कर्जे मिळाली, आणि त्यांची एकूण रक्कम १३,७९७ कोटी रुपये झाली. म्हणजे एका कर्जाची सरासरी साडेचौदा हजारांच्याही आतच आहे. मोठ्यांनी लहानांच्या नावे पैसा उचलल्याचा हा आकडा नव्हे. शिवाय माणसांपेक्षा कर्जे २८ लाखांनी अधिक आहेत. पहिले फेडल्यावाचून दुसरे मिळत नाही हे ध्यानात घेतले, तर लाखो लोकांनी पहिली पायरी चढून दुसरीवर पाय ठेवला, असा त्याचा अर्थ होतो. ज्यांना पत नाही असे मानले जात होते, त्यांच्या बाबतीत ही गोष्ट लहान नव्हे.

येथवरची हकीकत समाधानाची आहे. परंतु फेरीवाल्याच्या भांडवलात पैसा आणि कौशल्य ह्यांखेरीज तिसरी एक वस्तू असते, आणि ती सर्वांत महत्त्वाची असते. ती म्हणजे जागा. ज्या कोपऱ्यावर बारा वर्षे बसल्यामुळे गिऱ्हाईक नाव घेऊन हाक मारते, तो कोपरा हेच त्याचे खरे दुकान. ह्या जागेचा कायदा मात्र फार सावकाश घडत आला आहे. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या सुमारास फेरीची आणि बिनफेरीची क्षेत्रे वेगळी करण्याचा मार्ग सांगितला. १९८९ साली दिल्लीच्या एका खटल्यात, रस्त्यावर योग्य नियमांखाली धंदा करणे हा नागरिकाच्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, परंतु अमुकच जागेवर कायमचा हक्क सांगता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने ठरविले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१४ साली, संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला.

हा कायदा दोन्ही बाजू तोलून केलेला आहे. प्रत्येक शहराने निदान पाच वर्षांतून एकदा विक्रेत्यांची पाहणी करावी. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांस सामावून घ्यावे. पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणास उठवू नये. आणि उठवावयाचे झाल्यास ३० दिवसांची सूचना द्यावी. हे सर्व ठरविण्यासाठी नगर पथविक्रेता समिती असावी, व तिच्यात निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले असावेत, त्यांतही एक-तृतीयांश स्त्रिया. माल जप्त केल्यास त्याची यादी हातावर द्यावी; मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामाच्या दोन दिवसांत परत करावा. कायदा उत्तम आहे. अंमल मात्र मंद आहे. मुंबईत ह्या समितीवरील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसाठी मतदान झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. कायदा अमलात येऊन तोवर दहा वर्षे लोटली होती.

ह्या विलंबाचा परिणाम कर्जाच्या योजनेवर कसा होतो, ते आता सहज दिसेल. ज्यांच्याजवळ प्रमाणपत्र नाही आणि पाहणीतही ज्यांचे नाव आलेले नाही, त्यांना कर्ज मिळावे म्हणून नागरी संस्थेने शिफारसपत्र द्यावे, अशी सोय योजनेत केलेली आहे. तेव्हा असेही घडू शकते की, एका खात्याच्या शिफारशीने विक्रेत्यास १५,००० रुपयांचा माल घेता येतो, आणि त्याच संस्थेच्या दुसऱ्या खात्याची गाडी तो माल उचलून नेते. 'गाडी आली' हे दोन शब्द कानी पडताच पाट्या डोक्यावर घेऊन गल्लीबोळांत धावणारी माणसे शहरवासीयांनी पाहिलेलीच असतात. त्या धावपळीत सांडलेल्या टोमॅटोंचा हप्ता बँकेस मात्र चुकत नाही.

पादचाऱ्याची बाजू येथे विसरून चालणार नाही. ज्या वृद्धास काठी टेकत मुख्य रस्त्यावर उतरावे लागते, किंवा ज्या रोगवाहिकेस स्टेशनाबाहेरील गर्दीत वाट मिळत नाही, त्यांची तक्रार न्याय्य आहे. परंतु ह्या तक्रारीवर उपाय कोणता, हाच प्रश्न आहे. फेरीवाले उठविले म्हणजे गिऱ्हाईक नाहीसे होत नाही. आणि गिऱ्हाईक आहे तोवर विक्रेता दुसऱ्या दिवशी परत येतो, फक्त अधिक धास्तावलेला आणि अधिक कर्जबाजारी होऊन येतो. जागा मोजून, आखून, क्रमांक घालून दिल्या, तर चालणाऱ्यास वाट मोकळी मिळते आणि विकणाऱ्यास धास्ती उरत नाही. २०१४ च्या कायद्याचा सारा आशय एवढाच आहे.

एवंच, रोजगार वाढविण्याच्या सरकारी प्रयत्नांत पैसा देणे हे काम सर्वांत सोपे ठरले, कौशल्य देणे त्याहून अवघड, आणि रस्त्यावरील पाच हात जागेचा निर्णय करणे सर्वांत अवघड. पहिल्या दोन गोष्टी दिल्लीहून होऊ शकतात. तिसरी प्रत्येक गावाने आपल्या नगरपालिकेत, आपल्या प्रभागात आणि आपल्याच रस्त्यावर करावयाची आहे. सकाळी दाराशी मेथीची जुडी घेणाऱ्या घरातूनच सायंकाळी फेरीवाले हटविण्याचा अर्जही जातो, हे खरे आहे. त्या अर्जात 'हटवा' ह्या शब्दाऐवजी 'जागा आखून द्या' एवढे लिहिले गेले, तर त्या मेथी विकणाऱ्या बाईचे कर्ज फिटेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती पुन्हा दाराशी येईल.