यॉर्कशरचा पोरगा, सिडनीचा हिरो

रग्बी लीगमध्ये इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ये-जा जुनीच. कॅसलफर्डचा माल्कम रायली 1971 मध्ये सिडनीच्या मॅनलीकडे गेला आणि 1972, 1973 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं जिंकला. 1996 मध्ये इंग्लंडची सुपर लीग उन्हाळ्यात खेळवायला लागले, तेव्हापासून दोन्हीकडचे हंगाम साधारण एकाच वेळी चालतात.

पण माझा सर्वात लाडका सॅम बर्जेस. ब्रॅडफर्ड बुल्स सोडून 2010 मध्ये तो साउथ सिडनीत आला. पुढे ल्यूक, टॉम आणि जॉर्ज हे तिघे भाऊही त्याच क्लबकडून खेळले! 2014 ची फायनल मिळाली तर जरूर बघा. पहिल्याच धडकेत सॅमच्या गालाचं हाड मोडलं. समोर बुलडॉग्जचा जेम्स ग्रॅहम, तोही इंग्लंडचाच, सेंट हेलेन्सहून आलेला. सुजलेला चेहरा घेऊन सॅम पूर्ण 80 मिनिटं खेळला. साउथ सिडनीने 30-6 ने सामना मारला, 1971 नंतरचं त्यांचं पहिलं विजेतेपद! सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदक अर्थातच सॅमला.

उलट दिशेने बरेच ऑस्ट्रेलियन कारकिर्दीच्या उतरणीवर इंग्लंडला जातात. तरुण इंग्लिश खेळाडूंचा ओढा मात्र सिडनीकडेच.