सुई घेतली, भरवसा कधीपासून?

गर्भनिरोधक इंजेक्शन घेऊन बाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरते, तेव्हा तिच्या मनात एक प्रश्न असतो. पुष्कळदा तो संकोचाने विचारायचा राहून जातो. ही सुई आजपासूनच काम करेल की काही दिवस थांबावे लागेल? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे नको असलेले गर्भारपण येऊ शकते. मग दोष मात्र इंजेक्शनला दिला जातो. आज याच प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेऊ.

सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन 'अंतरा' या नावाने मोफत मिळते. राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात ते २०१७ साली आले. अमरावतीचे डफरीन म्हणून ओळखले जाणारे जिल्हा स्त्री रुग्णालय असो, अकोल्याचे लेडी हार्डिंग असो, की तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय आणि गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र असो, तिथे या इंजेक्शनची चौकशी करता येते. पहिला डोस डॉक्टरांनी तपासणी केल्यावर दिला जातो. पुढचे डोस प्रशिक्षित परिचारिका किंवा आरोग्य सेविकाही देऊ शकतात.

या इंजेक्शनात मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचे औषध १५० मिलिग्रॅम असते. बाईच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखेच ते काम करते. दंडाच्या, कमरेच्या किंवा मांडीच्या स्नायूत ते टोचतात आणि तिथून ते थोडे थोडे रक्तात उतरत राहते. म्हणून सुई घेतल्यावर ती जागा चोळू नये आणि शेकूही नये. चोळल्याने औषध लवकर पसरते आणि तीन महिने पुरायचे ते आधीच संपू शकते.

रक्तात उतरलेले औषध तीन कामे करते. बीजकोशातून दर महिन्याला बाहेर पडणारे स्त्रीबीज ते थांबवते. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव इतका घट्ट आणि चिकट करते की पुरुषबीजाला आत शिरायला वाट मिळत नाही. शिवाय गर्भाशयाचे आतले अस्तर पातळ ठेवते. यातले पहिले काम सर्वांत महत्त्वाचे आणि 'कधीपासून' या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत नवे स्त्रीबीज अजून पिकलेले नसते. शेतात पेरणी झाली, पण कोंब यायचा आहे, अशी ही वेळ. त्या वेळी औषध रक्तात गेले की एका दिवसात पुरेसे प्रमाण होते आणि स्त्रीबीज पिकण्याची क्रिया तिथेच थांबते. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत इंजेक्शन घेतले, तर त्याच दिवसापासून त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. वेगळी काळजी घ्यावी लागत नाही.

हे सात दिवस उलटून गेले असतील, तरी इंजेक्शन घेता येते. गर्भ राहिलेला नाही याची खात्री मात्र आधी करून घेतात. तेव्हा स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या बेतात असू शकते आणि पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. औषधाचा पूर्ण अंमल बसेपर्यंतची ही फट बुजवायला हवी. त्यासाठी इंजेक्शन घेतल्यापासून पुढचे सात दिवस निरोध वापरावा किंवा संबंध टाळावा. आठव्या दिवसापासून इंजेक्शन एकट्याने पुरते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या बाईची पाळी ५ जूनला सुरू झाली. तिने १० जूनला सुई घेतली, तर १० जूनपासूनच ती निर्धास्त. तिने ती २० जूनला घेतली, तर २७ जूनपर्यंत निरोध हवा. पाळी कधी आली ती तारीख दवाखान्यात सांगणे म्हणूनच महत्त्वाचे. 'मागल्या एकादशीच्या आसपास' असा अंदाज इथे उपयोगाचा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक फुली मारून ठेवली तरी काम होते.

बाळंतिणीचा हिशेब थोडा वेगळा आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला हे इंजेक्शन बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर देतात. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घरात असते. तो संपतो न संपतो तोच बाळाच्या दीड महिन्याच्या लसीची तारीख येते. त्या दिवशी बाळाची लस आणि आईची सुई एकाच फेरीत होऊ शकते. बाळ केवळ आईच्या दुधावर असेल, सहा महिन्यांच्या आतले असेल आणि आईची पाळी परत सुरू झालेली नसेल, तर तिला सात दिवसांची वेगळी काळजी लागत नाही. दुधावर आणि बाळाच्या वाढीवर या इंजेक्शनाचा वाईट परिणाम होत नाही. काही कारणाने आई अंगावर पाजत नसेल, तर बाळंतपणानंतर चार आठवड्यांच्या आत कधीही ते घेता येते आणि ते लगेच लागू पडते. गर्भपातानंतर सात दिवसांच्या आत घेतले तरी तसेच.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. कालच्या संबंधावर आजची सुई चालत नाही. ती पुढचे गर्भारपण टाळते, झालेले उलटवत नाही. गर्भ राहिलेला असताना चुकून घेतली गेली, तर तिने गर्भ पडत नाही आणि बाळाला त्यापासून व्यंग येते असेही आढळलेले नाही.

आता दुसऱ्या टोकाचा प्रश्न. परिणाम सुरू कधी होतो हे कळले, तो टिकतो किती? एक डोस तीन महिने. १० जूनला घेतलेल्या इंजेक्शनाची पुढची तारीख १० सप्टेंबर. काही अडचण असेल तर दोन आठवडे आधी, म्हणजे २७ ऑगस्टलाही घेता येते, किंवा चार आठवडे उशिरा, म्हणजे ८ ऑक्टोबरपर्यंत. या मुदतीत घेतले तर परिणाम खंडत नाही. त्याहूनही उशीर झाला, तर पुन्हा पहिल्या पायरीवर यायचे. गर्भ नाही याची खात्री करायची, सुई घ्यायची आणि सात दिवस निरोध.

ही चार आठवड्यांची सवलत आपल्या भागात फार मोलाची आहे. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतून दिवाळीनंतर अनेक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला गावी परततात. समजा, निघताना १० नोव्हेंबरला बाईने सुई घेतली. तिची पुढची तारीख १० फेब्रुवारी, आणि सवलत धरून शेवटचा दिवस १० मार्च. होळी त्याआधी आली तर गावच्या दवाखान्यात निभावते. त्यानंतर आली तर मध्ये उघडा काळ पडतो. घरी परतलेल्या बाईला 'सुई चालू असताना दिवस राहिले' असे वाटते, पण खरे तर सुईची मुदत संपलेली असते. म्हणून इंजेक्शनाचे कार्ड गाठोड्यात बरोबर असावे. 'अंतरा' हा देशभराचा कार्यक्रम आहे. जिथे काम तिथल्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवून पुढचा डोस मागता येतो. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या धांदलीत मजुरी बुडू नये म्हणून तारीख पुढे ढकलणाऱ्या बायकांनीही हा हिशेब लक्षात ठेवावा. दोन आठवडे आधी जाऊन येणे केव्हाही बरे.

वेळच्या वेळी घेतले, तर वर्षभरात हजार बायकांपैकी साधारण दोघींनाच गर्भ राहतो. प्रत्यक्षात तारखा चुकतात आणि मग शंभरात चौघींपर्यंत हे प्रमाण जाते. दोन आकड्यांमधला फरक औषधाचा नाही, तारखेचा आहे.

इंजेक्शनाने पाळीत बदल होतो आणि तिथेच अनेकजणी घाबरून ते सोडतात. सुरुवातीच्या महिन्यांत मधूनच डाग दिसतात, कधी रक्तस्राव लांबतो. वर्षभर घेतल्यावर जवळपास निम्म्या बायकांची पाळी बंद होते. 'अंगातलं रक्त अंगातच साचतं' असे शेजारपाजारच्या बाया सांगतात. तसे काही साचत नाही. अस्तरच पातळ राहते, त्यामुळे बाहेर पडायला रक्त नसते. उलट रक्त कमी असलेल्या बाईला याचा फायदाच होतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल असलेल्या बाईलाही हे इंजेक्शन चालते. काहींचे वजन थोडे वाढते, काहींचे डोके दुखते. हाडांची घनता थोडी कमी होते आणि इंजेक्शन थांबवल्यावर पुन्हा भरून येते.

स्तनाचा कर्करोग, खूप वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत. पहिल्या डोसाआधीची तपासणी त्यासाठीच असते, ती टाळू नये. एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून इंजेक्शन वाचवत नाही, त्यासाठी निरोधच हवा.

मूल हवे झाले की इंजेक्शन थांबवायचे. मात्र दिवस राहायला वेळ लागतो. शेवटच्या इंजेक्शनापासून सरासरी सात ते दहा महिने. वंध्यत्व येत नाही. पण सासूबाई सहा महिन्यांतच काळजी करू लागल्या, तर हा आकडा घरात सांगावा.

या औषधाला आपल्या देशात १९९३ साली खासगी विक्रीची परवानगी मिळाली, पण सरकारी कार्यक्रमात यायला आणखी जवळपास पाव शतक गेले. स्त्री संघटनांनी गर्भनिरोधक इंजेक्शनांच्या वापराबद्दल कडक प्रश्न विचारले होते. दोन महिन्यांच्या एका इंजेक्शनाच्या चाचण्यांबाबत १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिकाही झाली. बाईला पूर्ण माहिती न देता तिच्या शरीरात महिनोन्‌महिने राहणारे औषध टोचू नये, हा त्यांचा मुद्दा होता. तो आजही तितकाच खरा आहे. एकदा टोचलेले औषध काढून घेता येत नाही. त्यामुळे आधी ऐकणे, विचारणे आणि मग हो म्हणणे हा प्रत्येकीचा हक्क आहे.

जाता जाता पुरुषांसाठी एक गोष्ट. तांबी बसवल्यापासून लगेच लागू पडते, बाईची शस्त्रक्रियाही. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी मात्र तीन महिन्यांनी लागू पडते. तोवर दुसरे साधन हवे. तीन महिन्यांची मुदत म्हणजे बरोबर एका सुईची मुदत. नवऱ्याने नसबंदी करावी आणि बायकोने एकच डोस घ्यावा, तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून खात्री करावी, म्हणजे तिची दर तिमाहीची फेरी कायमची संपते. दवाखान्यात सुईसाठी जाताना दोघांनी मिळून जावे ते यासाठीच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)