हात आखडता घेण्याची विद्या

हेलिकॉप्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते हवेत एका जागी थांबणं. पुराच्या पाण्यावर घोंगावणारं यंत्र, खाली सोडलेला दोर, दोराला लटकलेला जवान. सिनेमावाल्यांनाही तेवढंच लागतं. शिकणाऱ्यांतसुद्धा एकमेकांची चौकशी होते ती 'हॉवर जमला का?' अशीच. हॉवर अवघड आहे, यात वाद नाही. पण पहिल्या धड्यांत माणसाला घाम फुटतो तो त्याहून कितीतरी साध्या वाटणाऱ्या कामात: ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वेगानं, नाक एका दिशेला ठेवून सरळ पुढे जायचं. त्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही.

नाशिकरोडकरांना ही शिकवणी रोज डोक्यावरून जाताना दिसते. गांधीनगरच्या धावपट्टीवर 2003 सालापासून लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे, कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल. शेजारी देवळालीत तोफखान्याची शाळा असणं हा निव्वळ योगायोग नव्हे. लष्करी वैमानिकांची परंपराच मुळी तोफखान्यातून आली. तोफेचा गोळा कुठे पडला हे वरून पाहून सांगणारे 'एअर ओपी'चे अधिकारी हे या मंडळींचे पूर्वज. आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली ती 1 नोव्हेंबर 1986 रोजी. अभिलाषा बराक 2022 च्या मे महिन्यात याच शाळेतून बाहेर पडल्या आणि लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या.

लष्कराच्या कित्येक पिढ्यांचे हात ज्या यंत्रांवर बसले ती म्हणजे चेतक आणि चीता. चेतक म्हणजे फ्रान्सचं अलुएट-3. त्याचं पहिलं उड्डाण 1959 च्या फेब्रुवारीत झालं आणि पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं परवान्यावर ते बंगळुरात बांधलं. सुमारे 11 मीटर व्यासाचा, तीन पात्यांचा रोटर मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा. चीता हा त्याचाच काटक धाकटा भाऊ. भारतीय सैन्यदलांना हिमालयासाठी काहीतरी हवं होतं, म्हणून फ्रेंचांनी अलुएट-2 चा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर अलुएट-3 चं इंजिन नि रोटर चढवला. सियाचेनच्या चौक्यांना रॉकेल, औषधं आणि पत्रं पोचवणारं यंत्र ते हेच. या दोघांच्या निवृत्तीच्या गोष्टी कित्येक वर्षं चालल्या आहेत, पण शिकवण्याच्या कामात त्यांचा एक गुण अजून वाखाणण्यासारखा आहे. चालकाच्या चुका झाकणारा संगणक त्यांच्यात नाही.

चालकापुढे कामं तीनच. डाव्या हाताशी कलेक्टिव्ह, म्हणजे सीटच्या बाजूला असलेली वर-खाली होणारी दांडी. ती उचलली की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर जाऊ पाहतं. उजव्या हातात सायक्लिक, दोन मांड्यांच्या मधोमध उभी काठी. ती ज्या बाजूला दाबाल त्या बाजूला फिरत्या रोटरची अख्खी चकती कलते आणि हेलिकॉप्टर तिकडे ओढलं जातं. पायांखाली दोन पेडल. ती शेपटीच्या पंख्याचा जोर कमी-जास्त करतात आणि नाक डावी-उजवीकडे वळवतात. चेतकमध्ये टर्बाइनचे फेरे गव्हर्नर सांभाळतो, त्यामुळे चौथी कटकट वाचते. शिक्षक पहिल्या उड्डाणांत एका वेळी एकच काम हाती देतो आणि बाकीची दोन आपल्याकडे ठेवतो. आधी फक्त सायक्लिक, मग फक्त कलेक्टिव्ह, मग पेडल. प्रत्येक सुटं सुटं छान जमतं. विद्यार्थ्याला वाटतं, एवढंच होय?

मग तिन्ही एकदम हातात येतात.

समजा, वेग थोडा वाढवायचा आहे आणि उंची तीच ठेवायची आहे. सायक्लिक पुढे दाबलं. नाक खाली गेलं, वेग वाढू लागला, पण चकतीचा काही जोर आता वर उचलण्याऐवजी पुढे ओढण्यात खर्च होतोय, म्हणून उंची घसरायला लागते. कलेक्टिव्ह उचललं. उंची थांबली, पण पात्यांचा कोन वाढला तसा इंजिनाला जास्त जोर लावावा लागला, आणि रोटर एका दिशेला जितक्या जोरानं फिरवाल तितक्या जोरानं खालचं धड उलट दिशेला फिरू पाहतं. चेतकचा रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, म्हणजे नाक डावीकडे पळतं. उजवं पेडल दाबलं. आता शेपटीच्या पंख्यानं बाजूला ढकललं आणि काठी पुन्हा किंचित हलवावी लागली. एवढ्यात वेग हवा त्यापेक्षा दहा नॉटनं पुढे गेलेला असतो. एकाला सावरायला जावं तर दुसरं बिघडतं, आणि दुसऱ्याला सावरेपर्यंत तिसरं हातचं जातं.

इथेच शिकणारा चूक करतो ती उतावीळपणाची. काठी हलवली की चकती जवळजवळ लगेच कलते, पण तिच्याखाली टांगलेलं धड थोडं मागाहून येतं. तो मधला क्षण नवशिक्याला सोसत नाही. काहीच झालं नाही असं वाटून तो आणखी दाबतो, मग दोन्ही दाबांचा परिणाम एकदम समोर येतो. घाबरून तो उलट बाजूला दाबतो, तेही जास्तच. दोन-चार झोके असे वाढत गेले की शिक्षकाचा शांत आवाज येतो, 'कंट्रोल्स माझ्याकडे', आणि यंत्र त्याच क्षणी गरीब गाईसारखं सरळ चालू लागतं. हा अपमान प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

यावरचा उपाय हाताच्या ठेवणीत आहे. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत मांडीवर टेकवायचा. काठी मुठीत आवळायची नाही, बोटांनी धरायची. ती 'हलवायची' नसतेच, तिच्यावर दाब द्यायचा असतो, आणि परिणाम दिसू लागण्याआधीच त्यातला थोडा काढून घ्यायचा असतो. मुरलेल्या वैमानिकाचा हात बाजूला बसून पाहिला तर काठी हललेली दिसतच नाही. मनगटावरची शीर तेवढी अधूनमधून ताठते. हात मांडीवर टेकवलेला नसेल तर यंत्राची थरथर हातात उतरते, हातातून काठीत, काठीतून रोटरमध्ये, आणि मग कोण कुणाला हलवतंय ते कळेनासं होतं.

दुसरा उपाय नजरेचा. लहानपणी तळहातावर उभी काठी तोलताना आपण तळहाताकडे पाहत नाही, काठीच्या वरच्या टोकाकडे पाहतो. इथे ते टोक म्हणजे क्षितिज. काचेवर क्षितिजाची रेघ कुठे येते, तेवढी एक जागा लक्षात ठेवायची. रेघ वर सरकली म्हणजे नाक खाली गेलं, थोड्याच वेळात वेग वाढणार. वेगाचा काटा ही बातमी उशिरा देतो. त्याच्या मागे धावणारा माणूस कायम शिळ्या बातमीवर निर्णय घेत असतो. म्हणून काही शिक्षक सरळ कागदानं काटे झाकून टाकतात. नाशिकच्या आसपास याला आणखी एक मेख आहे. पश्चिमेला अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग आहे, आणि डोंगरमाथ्याच्या रेघेलाच क्षितिज धरलं तर नाक नकळत वर राहतं आणि वेग गळत जातो. खरं क्षितिज डोंगराच्या मागे कुठे असेल ते मनानं ओढून घ्यावं लागतं.

बऱ्याच छोट्या हेलिकॉप्टरांच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो, वीतभरही नसेल. यंत्र तिरकं सरकत नसलं तर तो काचेवर सरळ मागे झोपतो. पेडल कमी-जास्त झालं की एका बाजूला फडफडतो. ना वायर, ना बॅटरी, बिघडण्यासारखं काही नाही. या सगळ्या यंत्रणेत माझं मन सर्वांत जास्त कशावर बसलं असेल तर त्या धाग्यावर.

पुढे जाणं सोपं असेल असं मानणाऱ्यांना इगोर सिकोर्स्कीची हकीकत सांगायला हवी. त्याचं व्हीएस-300 हे यंत्र 14 सप्टेंबर 1939 रोजी अमेरिकेतल्या स्ट्रॅटफर्डला पहिल्यांदा उचललं गेलं, जमिनीला दोरांनी बांधून. चालक तो स्वतःच. सायक्लिकनं त्याला इतकं छळलं की त्यानं मुख्य रोटरवरून ते काढूनच टाकलं आणि शेपटीवर आणखी दोन छोटे रोटर बसवून काम चालवलं. त्या अवतारात यंत्र मागे जाई, बाजूला जाई, जागच्या जागी फिरे, पण नीट पुढे जाताना मात्र कुरकुर करी. मुख्य रोटरवर सायक्लिक पुरतं परत आलं ते 1941 च्या अखेरीस.

कारण पुढे जाणाऱ्या रोटरला एक जन्मजात अडचण आहे. एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं, दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर पळतं. एकीकडे उचल जास्त, दुसरीकडे कमी. पात्यांना वर-खाली हलायची मोकळीक देऊन हा असमतोल जिरवला जातो, पण वेग वाढेल तसं काठीला आणखी पुढे रेटावं लागतं ते त्यामुळेच. याच वेगाचा फायदाही आहे. एका जागी थांबायला जितका जोर लागतो त्याहून कमी जोरात ताशी शंभरेक किलोमीटरनं जाता येतं, कारण रोटरला सतत नवी, न ढवळलेली हवा मिळते. त्यापलीकडे वेग वाढवा, खर्च पुन्हा चढतो. नाशिकसारख्या समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीच्या गावी, मे महिन्याच्या विरळ हवेत, हा हिशेब कागदावरचा राहत नाही.

वळणं, चढणं, उतरणं यांत नवं तत्त्व काही नाही, तीच साखळी वेगळ्या टोकापासून सुरू होते. फक्त उतरताना वेग पार मारून सरळ खाली बसायचं नाही, कारण रोटर आपल्याच ढकललेल्या हवेत बुडतो. आणि इंजिन बंद पडलं तर डाव्या हातानं कलेक्टिव्ह ताबडतोब खाली घालायचं, म्हणजे खालून येणारी हवा रोटर फिरता ठेवते. वैमानिक ज्याँ बूले यांनी 21 जून 1972 रोजी लामा, म्हणजे आपला चीताच, 12,442 मीटरवर नेला. तिथे इंजिन विझलं आणि ते तसेच, नुसत्या फिरत्या पात्यांवर, जमिनीवर सुखरूप आले.

फ्रेंच यंत्रांवर शिकलेला माणूस पुढे अमेरिकी हेलिकॉप्टरवर गेला की पाय दगा देतात. तिथे रोटर उलटा फिरतो, त्यामुळे कलेक्टिव्ह उचलताना डावं पेडल लागतं. डोक्याला हे एका वाक्यात कळतं, पायांना बरेच दिवस लागतात.

आणि मग एके दिवशी शिक्षक दार उघडून खाली उतरतो. बाजूच्या सीटवरचं सत्तर-ऐंशी किलोंचं वजन गेलेलं असतं. कलेक्टिव्ह नेहमीच्या जागी पोचण्याआधीच यंत्र जमीन सोडतं, आणि ज्या बाजूला विद्यार्थी बसलाय ती बाजू किंचित खाली लोंबते. काठीची सवयीची जागा बदलते, काचेवरची क्षितिजाची रेघ जरा कललेली दिसते. हे त्याला जमिनीवर नीट समजावून सांगितलेलं असतं. तरी धावपट्टीला एक फेरा मारून येईपर्यंत त्याला हाताची नवी जागा स्वतःच शोधावी लागते.