दुकानाच्या पाटीतला पत्रा गाडीच्या अंगावर

चंदीगडच्या सेक्टर ३९ मधला बाजार असो की सांगलीतला, दुकानावरची चकचकीत पाटी आज बहुधा एसीपीचीच असते. एसीपी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनल: दोन बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे पातळ थर आणि मधे पॉलिएथिलिनचा गाभा. हा पत्रा १९६९ मध्ये युरोपात ‘अल्युकोबाँड’ या नावाने इमारतींसाठी बाजारात आला. घरच्या घरी गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी तो कुणी मुद्दाम तयार केला नाही. तरीही त्यांच्या हाती यावा असा याच्याइतका योग्य पत्रा दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. पत्रा वाकतो तेव्हा ताण आणि दाब सर्वांत जास्त येतो तो बाहेरच्या पृष्ठभागांवर. मधला भाग जवळजवळ निवांत असतो. मग मधे जड धातू कशाला? ३ मिमी जाडीच्या, ०.३ मिमी थरांच्या एसीपीचे वजन चौरस मीटरला साधारण ३.८ किलो भरते. तेवढाच ताठपणा पोलादातून हवा असेल तर सुमारे १.६ मिमी जाड पत्रा लागतो आणि तो चौरस मीटरला साडेबारा किलोंच्या पुढे जातो. म्हणजे आठ बाय चार फुटांची अख्खी शीट एकट्या माणसाला उचलता येते, तिच्या तोडीच्या पोलादी पत्र्याला मात्र दोघे लागतात. खरेदी करताना थराची जाडी जरूर विचारावी. स्वस्त शीटमध्ये हे थर बरेच पातळ असतात, आणि सगळा ताठपणा त्यांच्यावरच उभा असतो.

ही युक्ती शर्यतीच्या गाड्यांनी त्याआधीच ओळखली होती. ब्रूस मॅकलारेनच्या संघाची पहिली फॉर्म्युला वन गाडी, एम२बी, १९६६ मध्ये मोनॅकोत धावली. तिचा सांगाडा ‘मॅलाइट’चा होता: बाल्सा लाकडाचा गाभा, दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियम. तिचा रचनाकार रॉबिन हर्ड विमान संशोधनातून आलेला. सांगाडा कमालीचा ताठ झाला. पण मॅलाइटला गोलाई देणे फार कठीण होते.

एसीपीची गोष्टही तशीच आहे. एका दिशेने हलका बाक तो देतो, घुमटासारखा आकार मात्र देत नाही. म्हणून मडगार्ड किंवा बंपर यातून बनवण्याच्या फंदात पडू नये, त्यासाठी फायबरच बरे. सपाट आणि कोनात दुमडलेले भाग मात्र सुरेख होतात. डिकीतला खोटा तळ, अवजारांचा कप्पा, जीपच्या डॅशबोर्डवरची पट्टी, दाराच्या आतले पॅनल. जुन्या गाड्यांच्या दारात हार्डबोर्ड असायचा. कोकणातल्या एका पावसाळ्यात तो फुगून पोपडे धरतो. एसीपीच्या गाभ्यात पाणी मुरत नाही.

खरी कारागिरी दिसते ती दुमडण्यात. मागच्या बाजूने राउटरने इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच मारतात, पण समोरचा थर आणि त्याला चिकटलेला गाभ्याचा जेमतेम पापुद्रा शाबूत ठेवतात. मग हाताने दाबले की काटकोनी कड तयार. खाच थोडी खोल गेली की कड तडकते, उथळ राहिली की गोलसर येते. पाट्या बनवणाऱ्यांचा हात यात बसलेला असतो. त्यांच्याकडून खाचा मारून घेणे शहाणपणाचे. दुमडलेली कड आतून अ‍ॅल्युमिनियमच्या कोनाने आणि पॉप रिव्हेटने बांधावी. रिव्हेटही अ‍ॅल्युमिनियमचेच घ्यावे, कारण पोलादाशी ओला संबंध आला की अ‍ॅल्युमिनियम कुरतडले जाते. उन्हात शीट वाढते, मीटरभर लांबीला ५० अंशांच्या फरकाने जवळपास सव्वा मिमी, म्हणून भोके थोडी सैल हवीत.

आता जिथे हा पत्रा लावूच नये त्या जागा. पॉलिएथिलिन १०० अंशांच्या आसपास आपला जोर सोडते, मग वितळते आणि पेटते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या दर्शनी भागावर अशाच गाभ्याचे पॅनल होते. जून २०१७ मधल्या तिथल्या आगीत ७२ माणसे गेली. सायलेन्सरच्या शेजारी, इंजिन आणि प्रवासी यांच्या मधल्या भिंतीत, बॅटरीच्या पेटीत एसीपी नको म्हणजे नकोच.

ताठपणा म्हणजे टक्कर झेलण्याची ताकद, असेही समजू नये. ऑगस्ट १९६६ मध्ये फोर्डची मधमाशीच्या पोळ्यासारख्या गाभ्याच्या पॅनलची जे-कार चाचणीत उलटून तुटली आणि चालक केन माइल्स मरण पावले. त्यानंतर तिच्या पुढच्या आवृत्तीत पोलादी पिंजरा बसवला गेला. सीटचे आधार, सीटबेल्टचे बंध, बॉडीचे खांब यांना घरच्या प्रयोगांनी हात लावू नये. कायद्याचाही विचार हवा: मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही.

महाराष्ट्राला घरच्या गाडीचे वेड जुने आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ ही छोटी गाडी घडवली. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून केलेली जीप आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये बोलेरो देऊन घेतली. असे हात गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी सांगायचे ते इतकेच: पहिला तुकडा पुठ्ठ्याचा कापा, गाडीत बसवून पाहा, मग शीटवर उतरवा. वरची संरक्षक फिल्म भाग पक्का बसेपर्यंत काढू नका, आणि बसल्यावर लगेच काढा. महिनोन्‌महिने ऊन लागले की ती सुटता सुटत नाही.