घरचं बी का टिकतं?

खर्डा (ता. जामखेड, जि. अहिल्यानगर) : रब्बी ज्वारीचा पट्टा

• कडबा : दावणीला जनावर असेल तर धान्याइतकीच वैरण मोलाची. उंच वाढणारी मालदांडी ज्वारी म्हणूनच टिकून.

• करडई : ज्वारीच्या कडेने काटेरी ओळी. गुरे आत शिरत नाहीत, वर तेलबिया हाती.

• संकरित बी : पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत, दरवर्षी नवे घ्यावे लागते.

• कायदा (२००१) : पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार बियाणे राखणे, पेरणे, देवाणघेवाण, विक्री यांची मुभा. मात्र संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

• याच जिल्ह्यातले कोंभाळणे (ता. अकोले) : राहीबाई पोपेरे यांची देशी बियाणे बँक, ‘बाएफ’ संस्थेचे साहाय्य. पद्मश्री, २०२०.