गादी पाहावी हात घालून

परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग १९७३पासून २०१५पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. तरी त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, असं रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं. श्रेय परिचारिकांचं, गादीचं नव्हे. आज मात्र घरचे आधी विचारतात, एअरबेड कुठला घेऊ? ब्रिटनमध्ये २,०२९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आलटूनपालटून हवा भरणाऱ्या गादीवर ६.९ टक्के, तर उत्तम फोमवर ८.९ टक्के रुग्णांना नवे व्रण झाले. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो.

कुणी म्हणेल, वॉर्डात माणसं अपुरी, मग यंत्रच बरं. म्हणणं रास्त आहे. साध्या, दबलेल्या गादीपेक्षा चांगला फोम किंवा एअरबेड केव्हाही सरस. पण ओली चादर यंत्र बदलत नाही, टाचेवरची लाली त्याला दिसत नाही, आणि वीज गेली की पंप बंद (विक्रेते हे आपणहून क्वचितच सांगतात). म्हणून रुग्ण झोपलेला असताना माकडहाडाच्या खाली, गादीखाली तळहात सरकवून पाहा. हाड हाताला टेकलं, तर ती गादी बदला. आणि गादी कितीही महाग असो, कूस बदलायचं वेळापत्रक खाटेला लावाच.